खूण कोणती धरावी?

वाचकहो, या सदरात आपण बहुधा ठेवी, व्याज, वारसनोंद, विमा अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. संगणकाच्या पडद्यावरील एखादे बटण यंत्राने नेमके कसे ओळखावे, असा तो विषय. प्रथमदर्शनी तो आपल्या कामाचा वाटणार नाही. मलाही वाटला नव्हता. परंतु यंदा शाळा उघडण्याच्या तोंडावर माझ्या पुतण्याच्या पेढीवर जो प्रसंग घडला, त्यानंतर माझे मत बदलले. आज आपल्यापैकी अनेकांची ऑर्डर, बिल आणि वसुली वेबसाइटवरून चालते. तेव्हा ही गोष्ट प्रत्येक पेढीवरील कर्त्या माणसाने एकदा समजून घ्यावी, असे मनापासून वाटते.

पुतण्याचा व्यवसाय वह्या व शालेय साहित्याच्या घाऊक विक्रीचा. आसपासच्या तालुक्यांतील लहान दुकानदार हे त्याचे गिऱ्हाईक. तीन वर्षांपूर्वी त्याने ऑर्डर घेण्यासाठी वेबसाइट करून घेतली. वेबसाइटमध्ये वरचेवर लहानमोठे बदल करावे लागतात आणि एक गोष्ट दुरुस्त करताना दुसरीच बिघडते, हा अनुभव एकदोनदा आल्यावर त्याने चाचणीच्या कामासाठी एक मुलगी नेमली. नुकतीच बी.एस्सी. झालेली, कष्टाळू, आमच्याच कॉलनीत राहणारी. मला काका म्हणते. तिने एक स्वयंचलित चाचणी लिहिली. रोज पहाटे ही चाचणी आपोआप ब्राउझर उघडते, ‘चाचणी दुकान’ या नावाने आत प्रवेश करते, दोन डझन वह्या निवडते, ऑर्डरचे बटण दाबते आणि ‘धन्यवाद’ अशी अक्षरे दिसली की हिरवी खूण नोंदवते. ही हिरवी खूण सकाळी पुतण्याच्या मोबाइलवर येई आणि तो निर्धास्तपणे पेढी उघडी. चाचणीची ती लुटुपुटूची ऑर्डर मुनीमजी सकाळी आठवणीने रद्द करीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डरी एकाएकी थंडावल्या. पाऊस लांबला म्हणून असेल, असे सर्वांना वाटले. हिरवी खूण तर रोज येत होती. सहाव्या दिवशी तालुक्याच्या गावाहून एका जुन्या दुकानदाराचा फोन आला. पुतण्याच्या वडिलांपासून, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या काळापासून त्यांचा आमच्याशी व्यवहार. ते म्हणाले, “शेठ, यंदा आमच्यावर काही नाराजी आहे का? दोन वेळा ऑर्डर टाकली. माल नाही, निरोपही नाही. शाळा आठ दिवसांवर आली.”

मग शोधाशोध झाली. ऑर्डरचे बटण सहा दिवसांपासून बंद पडले होते. ते दाबले की पडद्यावर चक्र फिरत राही आणि पुढे काहीच घडत नसे. खेड्यातील दुकानदारांनी आपल्याच मोबाइलच्या रेंजला दोष दिला. कोणी ऑर्डर गेली असे समजले, कोणी कंटाळून दुसरीकडून माल उचलला. हंगामाचे सहा दिवस म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

पुतण्याचा सारा राग त्या मुलीवर निघाला. “रोज सकाळी हिरवी खूण दाखवत होती, काका. मग ती चाचणी होती की शोभेची वस्तू?” तिला कामावरून कमी करावे, या विचारापर्यंत तो आला होता. तरी मला म्हणाला, “तुम्ही बँकेत इतक्या शाखांच्या तपासण्या केल्यात. एकदा तिच्याशी बोलून पाहा. चूक नेमकी कुठे झाली, ते मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.” मी दोन दुपारी त्या मुलीजवळ बसलो. जे समजले ते आपल्यापुढे मांडतो.

आपण ज्याला वेबपान म्हणतो, ते ब्राउझरच्या दृष्टीने एखाद्या वंशवृक्षासारखे असते. मूळ एक, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या. शीर्षक, तक्ता, तक्त्यातील ओळ, ओळीतील बटण, असा प्रत्येक घटक कोणत्या तरी फांदीवर बसलेला असतो. आपण डोळ्यांनी पाहतो आणि बटण दाबतो. यंत्राला डोळे नाहीत. त्याला सांगावे लागते की अमुक खुणेचा घटक शोध आणि तो दाब. या खुणेला त्या क्षेत्रात लोकेटर म्हणतात. अशा चाचण्यांचे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे सेलेनियम. २००४ साली शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत काम करीत असताना जेसन हगिन्स यांनी त्याची सुरुवात केली. पुढे त्यातील वेबड्रायव्हर या भागाला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २०१८ साली अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने प्लेराइट नावाचे नवे साधन आणले. साधन कोणतेही असो, पहिला प्रश्न एकच: खूण कोणती धरायची?

सेलेनियममध्ये पारंपरिक खुणा आठ प्रकारच्या आहेत. घटकाचा आयडी, त्याचे नेम, त्याचा क्लास, तो कोणत्या जातीचा टॅग आहे ते, दुव्याचा पूर्ण मजकूर, दुव्याचा अर्धा मजकूर, सीएसएस सिलेक्टर आणि एक्सपाथ. यांपैकी शेवटचे दोन प्रकार सर्वांत समर्थ, कारण त्यांच्या साहाय्याने पानावरील जवळजवळ कोणतीही वस्तू गाठता येते. परंतु जे साधन सर्व काही करू शकते, त्याने चुकीचे कामही तितक्याच सहजतेने होते.

आमच्या त्या मुलीने एक्सपाथ वापरला होता. ब्राउझरमध्ये बटणाची तपासणी उघडली की त्याचा पूर्ण एक्सपाथ आयता नकलून घेण्याची सोय असते. तिने तो नकलून चाचणीत चिकटवला. त्याचा अर्थ साधारण असा होता: मुळापासून निघा, मुख्य भागात जा, तेथील दुसऱ्या विभागात शिरा, त्यातील अर्जात या आणि तेथील दुसरे बटण दाबा. त्या दिवशी हा पत्ता अगदी बरोबर होता. पहिले बटण ‘परत जा’ आणि दुसरे ‘ऑर्डर निश्चित करा’.

मेअखेरीस वेबसाइट करणाऱ्या तंत्रज्ञाने पुतण्याच्याच सांगण्यावरून एक नवे बटण मध्ये बसवले: ‘दरपत्रक मागवा’. आता दुसरे बटण ते झाले आणि ‘ऑर्डर निश्चित करा’ तिसऱ्या जागी सरकले. चाचणी इमानेइतबारे दुसरे बटण दाबत राहिली. दरपत्रक मागवल्यावरही पडद्यावर ‘धन्यवाद, आपली मागणी मिळाली’ असेच येई. चाचणीला धन्यवाद दिसले, तिने हिरवी खूण केली. त्याच बदलात ऑर्डरचे खरे बटण बिघडले होते. पण त्याला चाचणीचा हातच लागला नाही.

मुनीमजींना विचारले तेव्हा ते संकोचून म्हणाले, “सहा दिवस रद्द करायला चाचणीची ऑर्डर आली नाही, हे माझ्या लक्षात आले होते. मला वाटले, बरे झाले, एक काम कमी झाले.” त्यांना तरी काय दोष द्यावा? ती ऑर्डर न येणे हीच बातमी आहे, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

येथे मला माझाच एक जुना प्रसंग आठवला. तो आजवर मी फारसा कोणाला सांगितलेला नाही. मी बँकेत नवा असताना संगणक नव्हते. जाडजूड लेजरे होती. आमच्या शाखेत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन खातेदार होते. त्यांपैकी एक गृहस्थ नेहमी येत, म्हणून त्यांचे लेजर माझ्या हाताशी, खालच्या फळीवर पहिलेच असे. एके दिवशी घाईच्या वेळी जमेचे व्हाउचर आले. नाव पाहिले, सवयीने हात त्या पहिल्या लेजरकडे गेला आणि मी नोंद केली. खातेक्रमांक व्हाउचरवर स्पष्ट लिहिलेला होता. मी तो ताडून पाहिला नाही. सायंकाळी ताळा जुळला, कारण रक्कम बरोबर होती, फक्त माणूस चुकला होता. चौथ्या दिवशी दुसरे गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी पैसे काढायला आले, तेव्हा खात्यात पैसे नव्हते. कॅश काउंटरसमोर चार लोकांत त्यांची जी अवस्था झाली, ती मी आजही विसरलेलो नाही.

ताळा जुळणे म्हणजे काम बरोबर होणे नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. पेढीवरची हिरवी खूण हा तसाच ताळा होता.

आता खुणांकडे क्रमाने पाहू. सर्वांत कच्ची खूण म्हणजे जागा. ‘वरून दुसरे, डावीकडून तिसरे’ ही खूण शेजारी कोणी येऊन बसले की खोटी ठरते. शिपायाने कपाट झाडताना लेजरे हलवली तर फळीवरची जागा बदलते, खातेक्रमांक बदलत नाही. मुळापासून सुरू होणारा लांबलचक एक्सपाथ हा अशा जागांची माळ असतो. माळेतील एक मणी सरकला की सारी माळ सरकते.

दुसरी कच्ची खूण म्हणजे पोशाख. क्लास हा गुण मुख्यतः घटकाचा रंग, आकार, ठेवण ठरवण्यासाठी दिलेला असतो. ‘निळे मोठे बटण’ अशी ती ओळख. वेबसाइटचे रूप पालटले की क्लास पालटतात. आजकाल तर अनेक साधने क्लासची नावे स्वतःच तयार करतात. त्यात अक्षरे व अंक यांचे निरर्थक मिश्रण असते आणि वेबसाइट नव्याने बांधली की ते बदलू शकते. खाकी गणवेशावरून शिपाई ओळखता येईल, पण कोणता शिपाई ते कळणार नाही आणि गणवेश बदलला तर तेही नाही.

आयडी ही खूण यापेक्षा पुष्कळ चांगली. एचटीएमएलच्या नियमानुसार एका पानावर एक आयडी एकाच घटकाला असावा. सेलेनियमचे मार्गदर्शनही असेच सांगते की आयडी उपलब्ध असेल, एकमेव असेल आणि तो काय असणार हे आधी सांगता येत असेल, तर त्यालाच पसंती द्यावी. यातील अटी महत्त्वाच्या आहेत. नियम मोडून एकच आयडी दोन घटकांना दिला, तरी ब्राउझर तक्रार न करता पान दाखवतो. शिवाय काही आयडी यंत्राने त्या त्या वेळी दिलेले असतात. आपल्या काळी बँकेत पैसे काढताना पितळी टोकन मिळे, ते आठवा. त्यावर क्रमांक असे, तो त्या क्षणी एकमेवही असे. पण आज जो तुमचा, तो उद्या दुसऱ्याचा. टोकनाच्या क्रमांकावरून कोणी खातेदार शोधू लागला, तर त्याला आपण काय म्हणू? ज्या आयडीच्या शेपटीला विनाकारण आकडे लागलेले असतील, तो टोकन आहे की खातेक्रमांक, हे पान पुन्हा उघडून एकदा तपासून घ्यावे.

चौथी खूण मला सर्वांत समाधानकारक वाटली. घटकाचे काम आणि लोकांना दिसणारे त्याचे नाव. ‘ज्याचे काम बटणाचे आहे आणि ज्यावर ऑर्डर निश्चित करा असे लिहिले आहे, तो घटक.’ प्लेराइटमध्ये याच पद्धतीला अग्रक्रम दिलेला आहे. दुकानदारही बटण याच रीतीने शोधतो. तो डावीकडून मोजत बसत नाही. बटण कोठेही सरकवा, त्याचा रंग बदला, ही खूण टिकते. आणि बटणाचे काम किंवा नावच बदलले, तर चाचणी थांबते. तेथे ती थांबलीच पाहिजे.

या खुणेचा आणखी एक लाभ आहे. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर नावाच्या साधनाने वेबसाइट वापरतात. ते साधन घटकाचे काम आणि नाव वाचून दाखवते: ‘बटण, ऑर्डर निश्चित करा’. काही तंत्रज्ञ साध्या चौकोनाला बटणाचे रूप देतात, पण हे बटण आहे असे आतून कोठेच नोंदवत नाहीत. डोळस माणसाला फरक कळत नाही. स्क्रीन रीडरला ते बटण म्हणून ओळखता येत नाही. काम व नाव यांवरून शोधणारी चाचणीही तेथे अडते. म्हणजे जी चाचणी आपल्या व्यवहाराची राखण करते, तीच दृष्टिहीन गिऱ्हाइकाची गैरसोयही उजेडात आणते.

तथापि नावालाही मर्यादा आहेत. वेबसाइट मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असेल, तर भाषा बदलताच नाव बदलते. कधी केवळ चित्र असते, नाव नसते. अशा ठिकाणी तंत्रज्ञाकडून एक खास खूण मागून घेतात. तिला टेस्ट आयडी म्हणतात. ती दुकानदाराला दिसत नाही, रंगरूपाशी तिचा संबंध नाही. ती केवळ चाचणीसाठी असते. तंत्रज्ञाने ती न विचारता बदलायची नाही, असा करार असतो. हुंडीवरच्या खुणेसारखी ती दोन्ही बाजूंनी मान्य केलेली. तिचा दोष एवढाच की बटणावरील अक्षरे चुकीची छापली गेली, तरी ही खूण जागच्या जागी राहते आणि चाचणीला चूक दिसत नाही.

कायमची वाटणारी ओळखही कधी तरी बदलते, हे आपण अनुभवले आहे. १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील दहा बँकांच्या विलीनीकरणातून चार बँका झाल्या आणि पुढे अनेक शाखांचे अकरा अक्षरी आयएफएससी बदलले. पण ते गुपचूप बदलले नाहीत. सूचना आल्या, मुदती दिल्या गेल्या, चेकबुके बदलून मिळाली. बदल होणे हा दोष नव्हे. ज्याचे काम त्या खुणेवर चालते, त्याला न कळवता बदल करणे हा दोष. पेढीवर नवे बटण आले, हे त्या चाचणी करणाऱ्या मुलीला कोणीही सांगितले नव्हते: तंत्रज्ञाने नाही आणि ज्याने ते बटण मागितले, त्या माझ्या पुतण्यानेही नाही.

आणखी एक बाब. एकाच खुणेचे अनेक घटक असतील तर काय? वह्यांच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे ‘टोपलीत टाका’ असे बटण आहे. सेलेनियमला एक घटक शोधायला सांगितला आणि तशा खुणेचे पन्नास सापडले, तर तो पहिला उचलतो आणि काही बोलत नाही. माझ्या हाताने पहिले लेजर उचलले तसेच हे. प्लेराइट अशा वेळी बटण दाबण्याचे नाकारतो आणि सांगतो की येथे एकाहून अधिक घटक आहेत, कोणता ते स्पष्ट करा. मला ही रीत फार आवडली. सेलेनियम वापरणाऱ्याने ही शिस्त स्वतः पाळावी: सर्व घटक मोजून पाहावेत आणि एकच सापडला तरच पुढे जावे. आणि यादीतून निवडताना आधी ओळ शोधावी, ‘दोनशे पानी वही’ हे नाव असलेली. मग त्या ओळीच्या आतच बटण शोधावे. आधी खाते, मग त्यातील नोंद. ‘सातव्या ओळीतील बटण’ असे म्हटले, तर उद्या यादीत नवा माल येताच सातवी ओळ दुसऱ्याच वस्तूची होईल.

कच्च्या खुणेमुळे दोन प्रकारची हानी होते. एक आपण पाहिली: खोटी शांतता. दुसरी म्हणजे खोटी आरोळी. त्या मुलीने मला सांगितले की एप्रिल महिन्यात तिची चाचणी तीन वेळा लाल झाली होती. प्रत्येक वेळी वेबसाइट ठीक होती. कोठे तरी एखादा विभाग वाढला, एवढेच. तिसऱ्या वेळी पुतण्या तिला म्हणाला होता, “उगाच घाबरवू नकोस.” बँकेत चोरघंटा असते. मांजर गेले तरी ती वाजू लागली, तर चार दिवसांनी कोणी तरी तिची वायर काढून ठेवतो. त्यानंतर खरा चोर आला तर दोष कोणाचा?

दुसऱ्या दुपारी ती मला म्हणाली, “काका, मला वाटायचं, चाचणी हिरवी राहिली म्हणजे माझं काम नीट चाललंय.” मी म्हणालो, “अगं, मलाही ताळा जुळला की तसंच वाटायचं.” तेव्हा प्रथमच ती थोडी हसली.

मग पुतण्या, ती मुलगी आणि व्हिडिओ कॉलवर तो तंत्रज्ञ, अशी आमची बैठक झाली. चार गोष्टी ठरल्या. पहिली, जागेवर आधारलेल्या सर्व खुणा काढून टाकायच्या. बटणांना काम व नाव यांवरून शोधायचे. जेथे नाव पुरेसे नाही, तेथे तंत्रज्ञाने टेस्ट आयडी द्यायचा. दुसरी, सर्व खुणा चाचण्यांमध्ये विखरून न ठेवता पानागणिक एका ठिकाणी लिहायच्या. उद्या एखादी खूण बदलली, तर एकाच जागी दुरुस्ती होईल. पत्ता बदलला की नोंदवहीत एकदा बदलावा. दर पाकिटावर खाडाखोड करीत बसू नये. तिसरी, ‘धन्यवाद’ या शब्दावर विसंबायचे नाही. ऑर्डर दिल्यावर मिळालेला क्रमांक घेऊन तो पेढीच्या ऑर्डरयादीत खरोखर आला का, वह्या दोन डझनच आहेत का, हे चाचणीने पाहायचे. खूण कितीही पक्की असली तरी ती फक्त वस्तूपर्यंत पोहोचवते. पोहोचल्यावर काम झाले की नाही, हे वेगळे पाहावे लागते. चौथी, पडद्यावर काही बदल करण्यापूर्वी तंत्रज्ञाने त्या मुलीला कळवायचे.

पाचवी गोष्ट मी सुचवली. बँकेत चोरघंटा बसवली म्हणजे झाले असे नसते; ती मधूनमधून मुद्दाम वाजवून पाहतात. तेव्हा मुद्दाम बटण बिघडवून चाचणी लाल होते का, ते पाहावे. चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रतीवर तंत्रज्ञाने ‘ऑर्डर निश्चित करा’ हे बटण काढून टाकले. जुनी चाचणी तेथेही हिरवीच राहिली. हे पाहून पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. नवी चाचणी तत्काळ थांबली आणि कोणते बटण सापडले नाही, ते बटणाच्या नावासह तिने सांगितले.

माझ्या त्या जुन्या चुकीच्या वेळी आमच्या शाखाधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावले होते. मी राजीनाम्याची मानसिक तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, “उद्यापासून नाव आणि क्रमांक, दोन्ही ताडल्याशिवाय एकही नोंद करायची नाही. केवळ तू नव्हे, सर्वांनी.” नंतर ते स्वतः माझ्याबरोबर त्या गृहस्थांच्या घरी आले. मी ही हकिकत पुतण्याला त्या बैठकीनंतर सांगितली. त्याने मुलीला कामावर ठेवले. दुसऱ्याच दिवशी टेम्पोत वह्या भरून तो स्वतः त्या जुन्या दुकानदाराकडे गेला. त्यांनी निम्मा माल आधीच दुसरीकडून घेतला होता. उरलेला निम्मा आपल्याकडून घेतला. जे गेले ते परत आले नाही, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांच्या पेढीची वेबसाइट आहे, त्यांनी आपल्या तंत्रज्ञाला तीनच प्रश्न विचारावेत. आमचे मुख्य बटण चाचणी कशावरून ओळखते, जागेवरून, रंगरूपावरून की कामावरून? एकासारखे दोन सापडले तर ती थांबते की पहिला उचलते? आणि ते बटण आज काढून टाकले, तर उद्या सकाळी मला लाल खूण दिसेल ना? उत्तर समजले नाही तरी चालेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी पुतण्याच्या मोबाइलवर लाल खूण आली. तंत्रज्ञाने रात्री केलेल्या बदलात ऑर्डरचे बटण पुन्हा अडकले होते. पेढी उघडण्यापूर्वी ते दुरुस्त झाले. पुतण्याने मला फोन करून ही बातमी दिली, तेव्हा त्याचा आवाज नफा झाल्यासारखा होता. मुनीमजींनी मात्र अर्धा तास आधीच त्या मुलीला फोन केला होता: “बाई, आज रद्द करायला ऑर्डर आली नाही. जरा पाहा.”